शाळांचा पैसा शाळांच्या आराखड्यातून ठरावा

प्रति,
मा. संपादक,
सादर नमस्कार.

महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाण्याचे दिवस आले की शाळांवरील खर्चाची चर्चा पुण्यात उगवते आणि अंदाजपत्रक मंजूर झाले की मावळते. यंदा मात्र तिला थोडे अधिक महत्त्व आहे. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनीच अंदाजपत्रक मांडले, त्यांनीच ते मंजूर केले आणि खर्चही त्यांनीच केला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता पुन्हा स्थायी समिती आहे, मुख्य सभा आहे आणि उभे राहून प्रश्न विचारण्याची सोय आहे. या सोयीचा उपयोग शाळांच्या बाबतीत नेमका कोठे करावा, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

चर्चेचा साचा ठरलेला आहे. एक बाजू म्हणते, शिक्षणासाठीची तरतूद तोकडी आहे, ती वाढवा. दुसरी बाजू म्हणते, महापालिकेच्या शाळांतील पट घटतो आहे, मग तरतूद वाढवून करायचे काय. दोन्ही बाजूंचे लक्ष मंजुरीच्या दिवशीच्या आकड्यावर असते. त्या आकड्याचे पुढच्या मार्चअखेरीस काय झाले, किती खर्च झाला, कशावर झाला आणि किती दुसरीकडे वळवला गेला, हे विचारण्याची वेळ येते तेव्हा सभागृह पुढच्या वर्षाच्या आकड्यात गुंतलेले असते. माझ्या मते शाळांचे नुकसान तरतुदीच्या तोकडेपणाने होते त्याहून अधिक ते तरतुदीच्या या अनाथपणाने होते.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. पुणे जिल्ह्याबाहेरील एका नगरपालिकेच्या शाळेत मी सत्तावीस वर्षे शिकवले आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिका होते. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार मोडले होते आणि पाण्याची टाकी गळत होती. दोन वर्षे पत्रे लिहिल्यावर एका वर्षी २६ मार्चला निरोप आला की रक्कम आली आहे, परंतु ३१ तारखेच्या आत बिल सादर झाले नाही तर ती व्यपगत होईल, म्हणजे परत जाईल. बांधकामाचे म्हणायचे तर मोजमाप, खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता आणि दरपत्रके यांना महिना लागला असता. संबंधित कार्यालयातून दूरध्वनी आला, ‘बाई, काहीही घ्या, पण बिल द्या.’ पाच दिवसांत तयार मिळेल अशी वस्तू म्हणजे लोखंडी कपाट. आम्ही चार घेतली. एका कपाटात शाळेची सगळी दप्तरे मावली, दोन रिकामी राहिली आणि चौथ्याला जागाच नसल्यामुळे ते व्हरांड्यात ठेवावे लागले, नेमके स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर. दार जुलैमध्ये बसले; एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी, जे सुतारकाम करीत, ते मजुरी न घेता बसवून दिले. पुढे लेखापरीक्षण झाले तेव्हा त्या चार कपाटांवर एकही आक्षेप निघाला नाही. कागदोपत्री आमची शाळा त्या वर्षी पूर्ण खर्च करणारी शाळा होती.

निवृत्तीनंतर मी धायरीत राहते. महापालिकेच्या कारभाराच्या बातम्या वाचताना ‘वर्गीकरण’ हा शब्द वारंवार समोर येतो आणि प्रत्येक वेळी मला ते कपाट आठवते. वाचकांपैकी ज्यांना या शब्दाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी सांगते: अंदाजपत्रकात एका लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या एका सदराखाली, मंजूर झालेली रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षाखाली वळवणे म्हणजे वर्गीकरण. त्याला मान्यता लागते आणि ते बेकायदा नाही. कधी कधी ते आवश्यकही असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा सीमाभिंतींचा आणि पुलांचा खर्च आधीच्या मार्चमध्ये कोणी लिहून ठेवलेला असणे शक्य नव्हते. अडचण अशी आहे की संकटासाठी ठेवलेली ही खिडकी वर्षभर उघडीच राहते. रस्त्याच्या तरतुदीला ठेकेदार असतो, नगरसेवक असतो, वाहनचालकांचा आवाज असतो; उद्यानाच्या तरतुदीला सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक असतात, ज्यांत मीही आहे. शाळेच्या खिडक्यांच्या दुरुस्तीच्या तरतुदीला कोण असते? ज्यांच्या मुलांचा वर्ग त्या खिडकीमागे भरतो त्या आईवडिलांना वर्गीकरणाचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर आला आहे हे कळतही नाही, आणि कळले तरी धुण्याभांड्याची कामे आणि बांधकामावरचा रोज सोडून महापालिका भवनात येणे त्यांना परवडणारे नसते. म्हणून हात घालायला सर्वांत सोपे लेखाशीर्ष शाळांचे ठरते.

यावर उपाय म्हणून नवी समिती, नवे धोरण किंवा नवे अभियान मागावे असे मला वाटत नाही, कारण उपाय कायद्यात सोळा वर्षांपासून लिहिलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो. त्याच कलमाचे दुसरे वाक्य मात्र मला आजवर कोणत्याही अंदाजपत्रकी भाषणात ऐकू आलेले नाही. ते असे सांगते की शासन किंवा स्थानिक प्राधिकरण ज्या योजना आखील आणि जी अनुदाने देईल त्यांचा आधार हा आराखडा असेल. कायद्याने येथे ‘सूचना’ किंवा ‘विनंती’ असा शब्द वापरलेला नाही. ‘आधार’ म्हटले आहे. अंदाजपत्रकातील शाळांचे पान कोठून सुरू व्हावे हे कायद्याने ठरवून दिले आहे आणि आपण ते दुसऱ्याच ठिकाणाहून सुरू करीत आलो आहोत.

ते दुसरे ठिकाण पुणेकरांच्या ओळखीचे आहे. नगरसेवकांनी प्रभागासाठी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते. तीत शाळा येतच नाही असे नाही. परंतु येते ती रंगरंगोटी, कमान, प्रवेशद्वारावरील नामफलक, डिजिटल वर्गाचे साहित्य आणि पेव्हिंग ब्लॉक या रूपांत. ही कामे वाईट नाहीत. ती दिसतात आणि त्यांचे उद्घाटन करता येते. शिपायाचे रिक्त पद भरले याचे उद्घाटन करता येत नाही, आणि प्रयोगशाळेत वर्षभर पुरेल इतकी रसायने आली याचा फलक कोणी लावत नाही. एखाद्या शाळेच्या पालकांना विचारले तर ते कमान मागतील की इयत्ता पाचवीला वर्षभर टिकणारा एकच शिक्षक मागतील, याचे उत्तर शोधायला फार संशोधन लागत नाही.

येथे मला एक कबुली द्यायला हवी. एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ या नात्याने मी काही काळ होते आणि तेथील शाळा विकास आराखडा आमच्या बैठकीपूर्वीच भरून तयार होता. मागील वर्षीच्या नमुन्यावर तारीख बदलून एका शिक्षिकेने तो रात्री जागून लिहिला होता, कारण दुसऱ्या दिवशी तो वर पाठवायचा होता. पालकांनी सह्या केल्या. मीही केली. तेव्हा मला राग आला तो त्या शिक्षिकेचा नव्हे; जो कागद वर गेल्यावर कोणी वाचणार नाही हे तिला ठाऊक होते, त्यावर तिने आणखी किती रात्री जागावे? आराखडे पोकळ असतात म्हणून अंदाजपत्रक त्यांच्याकडे पाहत नाही, असे अधिकारी म्हणतील. मी उलट म्हणेन. अंदाजपत्रक पाहत नाही म्हणून आराखडे पोकळ राहतात. एका वर्षी जरी एखाद्या शाळेच्या आराखड्यातील मागणी जशीच्या तशी मंजूर होऊन जूनच्या आत पूर्ण झाली, तरी पुढच्या वर्षीच्या बैठकीला आया आपणहून येतील आणि बसायला सतरंजी कमी पडेल.

‘पैसा नाही’ हे उत्तर या शहरात नवे नाही, म्हणून थोडे मागे जाते. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी पुण्यातूनच जे निवेदन सादर केले त्यात मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, अशी मागणी होती. आणि त्याच जोडीला असेही बजावले होते की या शाळांचा कारभार मात्र पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती सोपवू नये, शिक्षण खात्याची देखरेख त्यांच्यावर असावी. नगरपालिकेच्या सभागृहात बसलेल्या माणसाने नगरपालिकेविषयी काढलेले हे उद्गार आहेत, म्हणून त्यांना वजन आहे. गोपाळ कृष्ण गोखले हेही पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले. त्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा असे त्यांचे गणित होते. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा मिळाली तेव्हा पुण्यात जो वाद पेटला तो आजच्या वादाशी इतका जुळतो की वाचताना तारखा पुन्हा तपासाव्या लागतात. पैसा मर्यादित आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरती करू, मुलींचे पुढे पाहू, असा एक पक्ष होता. त्याविरुद्ध विठ्ठल रामजी शिंदे उभे राहिले आणि १९२० मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह पुण्यातील स्त्रिया मोर्चाने रस्त्यावर आल्या. पैसा मर्यादित आहे हे म्हणणे खोटे नव्हते. प्रश्न एवढाच होता की मर्यादेचा भार कोणाच्या डोक्यावर ठेवायचा, आणि तो ज्यांचा आवाज सभागृहात नव्हता त्यांच्या डोक्यावर ठेवला जात होता.

भिडे वाड्याची जागा दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर २०२३ च्या अखेरीस महापालिकेच्या ताब्यात आली आणि तेथे स्मारक व्हायचे आहे. ते व्हावेच. १८४८ मध्ये फुले दांपत्याने तेथे जे सुरू केले ते मात्र मुलींची शाळा होती, एवढे अंदाजपत्रकाच्या दिवसांत लक्षात असू द्यावे.

आता पटसंख्येच्या युक्तिवादाकडे वळते, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्याला उत्तर देणे अधिक कठीण असते. पेठांमधील अनेक जुन्या शाळांतील पट घटला आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसते. वाडे पडले, त्या जागी इमारती झाल्या, भाडेकरू कात्रज, कोथरूड, हडपसर आणि त्याहून पुढे गेले. मुले त्यांच्याबरोबर गेली, शाळांच्या इमारती जागेवर राहिल्या. दुसरीकडे, ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. आमची धायरी पहिल्या खेपेतली. वाघोली, नऱ्हे, सूस, महाळुंगे, मांजरी ही दुसऱ्या खेपेतली. या गावांतील शाळा जिल्हा परिषदेच्या होत्या, चार-सहा खोल्यांच्या, गावाच्या जुन्या लोकसंख्येला पुरतील अशा बेताच्या. आता तेथे आकाशाला भिडणारे मनोरे उभे राहत आहेत. त्या मनोऱ्यांत राहणाऱ्यांची मुले या शाळांत येणार नाहीत, परंतु ते मनोरे बांधणाऱ्यांची, त्यांत रखवाली करणाऱ्यांची आणि घरकाम करणाऱ्यांची मुले येथेच येतात. तेव्हा ‘महापालिकेच्या शाळांतील पट घटला’ हे सबंध शहराविषयीचे एक वाक्य करून खर्चाला कात्री लावणे म्हणजे एकाच्या घरात भात उरला म्हणून दुसऱ्याच्या घरची चूल विझवण्यासारखे आहे.

या पटाची मोजणीही कशी होते ते पाहण्यासारखे आहे. शिक्षकांची किती पदे मंजूर करायची हे संचमान्यतेत ठरते आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. बांधकामावरची कुटुंबे, वीटभट्टीवरची कुटुंबे यांतील पुष्कळशी दिवाळीनंतर शहराच्या कडेला येतात. त्यांची मुले शाळेत बसतात, खिचडी खातात, पाढे म्हणतात, पण संचमान्यतेच्या कागदावर ती जन्मलेलीच नसतात. त्यात आता आधार क्रमांक वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांचाच विचार पदांसाठी होऊ लागला आहे. आधारवर नावाचे एक अक्षर चुकले, जन्मतारीख जुळली नाही, तर मूल वर्गात असते आणि पटावर नसते. अशी पाच-सात मुले निघाली की एक पद कमी होते, एक शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून समायोजनात दुसरीकडे जातो आणि दोन वर्ग एका शिक्षकाकडे येतात. ते पाहून पालक पदरमोड करून जवळच्या खासगी इंग्रजी शाळेची वाट धरतात आणि पुढच्या सप्टेंबरात पट आणखी घटलेला असतो. मग सभागृहात कोणीतरी विचारतो, पट का घटला?

पालक या शाळांकडे कसे पाहतात याचा एक दाखला दोन वर्षांपूर्वी सर्वांसमोर आला, पण त्याचा अर्थ कोणी लावला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने अधिसूचना काढून असे ठरवले की एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर तेथील खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखून ठेवण्याचे बंधन असणार नाही. पालक खवळले, न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. त्या पालकांच्या संतापात मला वेगळेच काही दिसले. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सरकारी शाळा असणे ही कोणत्याही कुटुंबाची सोय व्हायला हवी. त्या आईबापांना ती शिक्षा वाटली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सहकारनगरच्या शिवदर्शन भागात महापालिकेचीच राजीव गांधी ई-लर्निंग शाळा आहे आणि तेथे प्रवेश मिळावा म्हणून पालक धडपडतात. पालकांचा विरोध महापालिकेच्या नावाला नाही. एका शाळेत जे जमते ते इतर शाळांत का जमत नाही, हे विचारले की अपवादाचे कौतुक ऐकावे लागते.

शिक्षकांच्या नेमणुकीविषयी थोडक्यात लिहिते, कारण दुखणे सर्वांना माहीत आहे. कायमची भरती राज्याच्या पवित्र पोर्टलमार्फत होते, तिला वेळ लागतो आणि दरम्यानची पोकळी मानधनावरील शिक्षकांनी भरली जाते. त्यांतील अनेक जण मनापासून शिकवतात. परंतु ज्या शिक्षिकेला एप्रिलनंतर आपण येथे असू की नाही हे माहीत नाही, तिने कोणत्या मुलाला वाचता येत नाही याची वही कोणासाठी ठेवावी? राज्य शासन वेतनाच्या काही भागाचे अनुदान देते, ते उशिरा आले की मानधन उशिरा होते, आणि महापालिका व मंत्रालय एकमेकांकडे बोट दाखवतात. अंदाजपत्रकात निदान एवढे करता येईल की मंजूर पदांपैकी भरलेली किती, मानधनावर चालवलेली किती आणि रिकामी किती, हे शाळानिहाय छापले जावे. त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक तक्ता लागतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने दत्तक शाळा योजना आणली, ज्यात कंपन्या आणि दाते एखादी शाळा ठरावीक काळासाठी दत्तक घेऊ शकतात. पुण्यात उद्योग आहेत, माहिती तंत्रज्ञान कंपन्या आहेत, सामाजिक दायित्व निधी आहे आणि देण्याची वृत्तीही आहे. ही मदत नाकारावी असे मी म्हणणार नाही. आमच्या शाळेला एका दुकानदाराने दिलेले पंखे मी निवृत्त होईपर्यंत फिरत होते. दाता पंखा देतो, संगणक देतो, भिंत रंगवून देतो. वीजबिल, शिपाई आणि शिक्षक तो देत नाही आणि त्याने ते द्यावेत अशी अपेक्षाही नसावी. प्राथमिक शिक्षण हे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. रस्ते, पाणी आणि सांडपाणी यांच्याच यादीत ते बसते. पाणीपुरवठा दत्तक देण्याचा विचार अजून कोणाच्या मनात आलेला नाही.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न शेवटी येतोच. महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक बारा हजार सहाशे कोटी रुपयांच्या घरात होते. माझी मागणी या रकमेत शाळांचा वाटा किती टक्के असावा याची नाही, कारण टक्केवारी वाढवून ती मार्चअखेर वळवता येते हे मी वर लिहिले आहे. आपण नागरिकही याबाबत निर्दोष नाही. राहत्या घरावरील मिळकतकराची चाळीस टक्के सवलत काढून घेतली गेली तेव्हा आपण निवेदने दिली, बैठका घेतल्या आणि २०२३ मध्ये ती परत मिळवली. पुढे त्या सवलतीसाठीचा पीटी-३ अर्ज भरण्यासाठी रांगेत मीही उभी होते. ती सवलत मला हवी होती आणि मिळाल्याचा आनंद आहे. त्या रांगेत दोन तास उभे राहून महापालिकेच्या कारभारावर मनमुराद टीका झाली, पाण्यावर झाली, खड्ड्यांवर झाली, कचऱ्यावर झाली. शाळेचा विषय एकदाही निघाला नाही, कारण त्या रांगेतील एकाचेही नातवंड महापालिकेच्या शाळेत नव्हते. माझेही नाही.

तेव्हा नव्या सभागृहाकडे मागणे मोजकेच आहे. अंदाजपत्रकाच्या पुस्तकाला शाळानिहाय परिशिष्ट जोडावे आणि त्यात प्रत्येक शाळेपुढे तिच्या व्यवस्थापन समितीने आराखड्यात काय मागितले, काय मंजूर झाले आणि नामंजूर झाले असल्यास कोणत्या कारणाने, हे लिहावे. मुख्य सभेने ठराव करून असे ठरवावे की शाळांच्या लेखाशीर्षातील रक्कम शाळांखेरीज अन्य कामासाठी वर्गीकृत केली जाणार नाही, आणि आपत्तीच्या प्रसंगी करावी लागलीच तर त्याआधी संबंधित शाळांच्या समित्यांना लेखी कळवले जाईल. दुरुस्तीची कामे उन्हाळी सुट्टीत, शाळा रिकाम्या असताना पूर्ण व्हावीत, म्हणून त्यांची मान्यताप्रक्रिया जानेवारीतच सुरू व्हावी. गणवेश आणि वह्यांसाठी पालकांच्या खात्यावर जमा होणारी रक्कम जूनच्या मध्याला शाळा भरण्यापूर्वी जमा व्हावी, कारण वही जूनमध्ये लागते आणि नंतर आलेल्या पैशाने घेतलेली वही ही आधीच उसन्या पैशाने घेतलेल्या वहीची भरपाई असते. सातवीपर्यंतच्या शाळांना आठवीचे वर्ग जोडण्याचा विषयही याच परिशिष्टात यावा. सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा आठवीपर्यंत असताना सातवीनंतर मुलींनी दुसरी शाळा शोधावी आणि न मिळाल्यास घरी बसावे, ही स्थिती कायद्याच्या शब्दांत बसत नाही.

यांतील वर्गीकरणाच्या ठरावाला सर्वाधिक विरोध होईल हे मी जाणते. प्रशासन म्हणेल की त्यामुळे हात बांधले जातात आणि रक्कम अखर्चित राहते. रक्कम अखर्चित राहू द्यावी आणि ती त्याच शाळेच्या नावे पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात पुन्हा धरावी. अखर्चित रक्कम निदान दिसते, तिच्याविषयी प्रश्न विचारता येतो. कपाटे घेऊन संपवलेली रक्कम दिसत नाही.

आमच्या प्रभागातील नगरसेवकांना या पत्राची प्रत मी टपालाने पाठवली आहे आणि त्यांच्याकडे एवढेच विचारले आहे की प्रभागातील शाळांचे विकास आराखडे त्यांनी पाहिले आहेत का. उत्तर आल्यास आपल्या वाचकांना अवश्य कळवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
धायरी, पुणे